जोडे शिवणाऱ्या खापरपणजोबांचा माग : क्वेबेकची दप्तरं कशी वाचावीत

विहीणबाईंनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडला आणि त्यातून दोन वस्तू टेबलावर ठेवल्या. एक होतं पत्त्याच्या पानाएवढं, काळ्या काठाचं कार्ड. त्यावर फ्रेंचमधल्या चार ओळी होत्या. दुसरी होती लाकडी मुठीची रापी, पातं झिजून झिजून निम्मं राहिलेलं. "आमच्या ह्यांच्या पणजोबांची. कॅनडातून आले, जोडे शिवायचे. पुढचं कुणालाच माहीत नाही."

म्हणजे माझ्या जावयाचे खापरपणजोबा. मी नोकरीभर भूमी अभिलेख खात्यात जुने फेरफार लावत बसलेला माणूस. मुलीकडे मॅसॅच्युसेट्सला हिवाळ्यात बाहेर पडायची सोय नाही, म्हणून हे काम अंगावर घेतलं. दोन हिवाळे गेले. फ्रेंच येत नसताना, घरबसल्या आणि बहुतेक फुकट हे कसं जमलं ते क्रमाने सांगतो. आपल्या कितीतरी मुलामुलींची लग्नं तिकडे झाली आहेत. नातवंडं कधी ना कधी दुसऱ्या आजोळाबद्दल विचारणारच.

सुरुवातीलाच एक सावधगिरी. आपल्याकडे धंदा जातीला आणि घराण्याला चिकटलेला, त्यामुळे "मोची होता" म्हटलं की त्याचा बाप आणि आजाही मोचीच असणार असं आपण धरून चालतो. क्वेबेकमध्ये, म्हणजे कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतात, हे गृहीतक घेऊन शोधायला बसलात तर फसाल. फ्रेंच वसाहतीत कारागिरांचे बंदिस्त संघ नव्हते, शिकलेला कुणीही दुकान मांडू शकत होता. शेतकऱ्याचा मुलगा जोडे शिवायला शिके, त्याचा मुलगा पुन्हा शेतावर किंवा गिरणीत जाई. तेव्हा धंद्याचा माग काढायचा नाही. माग काढायचा लग्नांचा. धंद्याचा उपयोग एकाच नावाच्या दोन माणसांतला आपला कोण ते ओळखण्यासाठी. तो कसा होतो ते पुढे येईलच.

आधी डबा, मग संगणक

काळ्या काठाची ती कार्डं फ्रेंच-कॅनेडियन कुटुंबांत अंत्यविधीच्या वेळी वाटत आणि प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवत. त्यांवर मृत्यूची तारीख असते आणि बहुतेकदा वयही, कधीकधी महिन्यांपर्यंत. आमच्या कार्डावर "५९ वर्षं ४ महिने" होतं. त्यावरून जन्माचा अंदाज बांधायचा, पण दोन वर्षं इकडेतिकडे धरून. जन्मतारखेच्या बाबतीत तिकडची जुनी माणसं आपल्यासारखीच सढळ होती.

घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला गाठून तीन गोष्टी विचारून लिहून घ्या : बायकोचं माहेरचं आडनाव, भावंडांची नावं आणि कोणत्या चर्चमध्ये जायचे. भावंडं महत्त्वाची. आपल्या माणसाच्या कागदावर जन्मस्थान म्हणून नुसतं "कॅनडा" लिहिलेलं असतं आणि त्याच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या नोंदीत गावाचं नाव सापडतं.

अमेरिकेतले कागद

१८४० ते १९३० या काळात सुमारे ९ लाख फ्रेंच-कॅनेडियन अमेरिकेत आले. बरेचसे न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांच्या, कापड गिरण्यांत गेले, आणि काही मॅसॅच्युसेट्समधल्या लिन, हेवरिल, मार्लबरो, ब्रॉक्टन अशा जोड्यांच्या गावांत. "जोडे शिवायचे" या घरगुती वाक्याचा अर्थ इथे तपासून घ्यायला हवा. तळवा वरच्या चामड्याला शिवण्याच्या यंत्राचं पेटंट लायमन ब्लेक यांना १८५८ मध्ये मिळालं. चामडं फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, ताणून बसवण्याचं यंत्र यान मात्सेलिगर यांनी लिनमध्ये १८८३ च्या सुमारास आणलं. त्यामुळे १८८० नंतर आलेला "शूमेकर" बहुधा कारखान्यात दिवसभर एकच काम करत असे : कुणी फक्त कापणारा, कुणी फक्त टाचा ठोकणारा. जनगणनेत "वर्क्स इन शू शॉप" दिसलं तर दुकान डोळ्यांसमोर आणू नका. त्या भागात शॉप म्हणजे कारखाना.

१९०० ची अमेरिकन जनगणना आधी काढा. तीत जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला झालेली वर्षं, अमेरिकेत आल्याचं वर्ष आणि बाईला किती मुलं झाली, किती जगली हे सगळं आहे. १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीमुळे जवळजवळ पूर्ण गेली. मधली वीस वर्षं भरून काढायला शहरांच्या डिरेक्टऱ्या कामी येतात : नाव, धंदा, पत्ता, दर वर्षी. मॅसॅच्युसेट्सच्या लग्ननोंदींत वधूवरांच्या आईवडिलांची नावं असतात. ती लिहिणारा कारकून इंग्रजी कानांचा, म्हणून ती वाचायची नाहीत, मोठ्याने म्हणून पाहायची.

याच लग्नाची नोंद तिथल्या फ्रेंच चर्चच्या वहीतही शोधा. पाद्री बरेचदा क्वेबेकचाच असे, त्यामुळे नावं नीट लिहिलेली असतात आणि आईवडिलांचं मूळ पॅरिशही मिळण्याचा संभव असतो. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा गाव-परिसर. तो शब्द मी तसाच वापरतो, कारण क्वेबेकमधलं सगळं दप्तर त्यावरच लावलेलं आहे.

आडनावाचा घोळ

सीमा ओलांडताना आडनावं दोन प्रकारे बदलली. एक म्हणजे भाषांतर : ब्वाव्हेरचा ग्रीनवुड झाला, कुर्तमांश म्हणजे "आखूड बाही", त्याचा सरळ शॉर्टस्लीव्ह झाला. रॉय हे आडनाव दिसलं की आपल्याला कोलकाता आठवतं, पण तिकडे त्याचा उच्चार "र्वा", अर्थ राजा, आणि अमेरिकेत त्याचे किंग झाले. दुसरा प्रकार कानाने लिहिण्याचा, त्याला नियम नाही.

तिसरी भानगड क्वेबेकमधलीच. तिथे एका घराला दोन आडनावं असत आणि मध्ये "दी" हा शब्द. "रॉय दी देजार्दँ" म्हणजे रॉय ऊर्फ देजार्दँ. सैनिकांची टोपणनावं, गावांची नावं, बापाचं पहिलं नाव, कशावरूनही हे ऊर्फ पडे. मुलगा एका नोंदीत रॉय, पुढच्या नोंदीत देजार्दँ, आणि त्याच्या मुलांत अर्धी एका नावाची, अर्धी दुसऱ्या. इंग्रजांना ऊर्फ समजवायला पानभर लागतं, आपल्याला एक शब्द पुरे. सूचीत माणूस गायब झाला की आधी त्या आडनावाची ऊर्फ-नावं शोधा, मग पुढची शंका काढा.

पहिल्या नावाचीही गंमत आहे. एकोणिसाव्या शतकात जवळपास प्रत्येक मुलाच्या नावाआधी जोसेफ आणि प्रत्येक मुलीच्या आधी मारी लागे. रोजच्या हाकेचं नाव बहुधा शेवटचं. "मारी रोझ देलिमा" ही घरात देलिमा. एका घरात पाच मारी सापडल्या तर घाबरू नका.

चर्चच्या वह्या : साखळी इथे जुळते

क्वेबेकचं दप्तर पाहून माझ्यासारख्याला हेवा वाटला. नोंदी १६२१ पासूनच्या. क्वेबेक शहरातली पहिली वही १६४० मध्ये चर्चबरोबर जळाली, तर लोकांना विचारून ती पुन्हा लिहून काढली. १६७९ च्या सुमारापासून प्रत्येक वही दोन प्रतींत ठेवायची पद्धत पडली, एक चर्चमध्ये, दुसरी न्यायालयात. १९९३ अखेरपर्यंत चर्चच्या या वह्याच सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदी होत्या. एक प्रत अवाचनीय असेल तर दुसरी उघडा. दोन्हींत फरकही सापडतात.

आणि सर्वांत मोठी सोय : बाईचं माहेरचं आडनाव मरेपर्यंत तिचंच राहतं. लग्नाच्या नोंदीत दोघांच्या आईवडिलांची नावं, आईच्या माहेरच्या आडनावासकट. म्हणजे एक लग्न सापडलं की वरची दोन लग्नं शोधायला लागणारी चारही नावं हातात. लग्नावरून लग्नावर चढत जायचं. जन्मनोंदी पडताळणीसाठी.

काम असं करा. माँट्रियल विद्यापीठात १९६६ पासून चालू असलेल्या पीआरडीएच या प्रकल्पाने फ्रेंच वसाहतीपासूनची कुटुंबंच्या कुटुंबं जुळवून ठेवली आहेत. आधी १७९९ पर्यंत होती, पुढे १८४९ पर्यंत नेली. वंशावळी काढून देणाऱ्या द्रूआँ इन्स्टिट्यूटने १९४० च्या दशकात वह्यांची छायाचित्रं घेतली, तीही सूचीसह पाहता येतात. या दोन्हींना पैसे पडतात, म्हणून प्रश्नांची यादी आधी तयार ठेवा. फॅमिलीसर्च हे वंशावळीचं संकेतस्थळ आणि क्वेबेकचं सरकारी अभिलेखागार (बीएएनक्यू) इथे मूळ पानं फुकट दिसतात. सूचीवर थांबू नका. मूळ पान उघडायचंच, कारण धंदा, साक्षीदार आणि सही हे सूचीत बहुधा येत नाही.

पान वाचायला भीती वाटते, पण मजकूर ठरावीक साच्याचा असतो. समासात बी म्हणजे बाप्तिस्मा, एम म्हणजे लग्न, एस म्हणजे दफन. तारीख अक्षरी. बाप्तिस्म्याच्या नोंदीत "ने ला व्हेय" म्हणजे आदल्या दिवशी जन्मलेला. मग "लेजितिम मारियाज द" यानंतर बापाचं नाव, त्याला लागूनच धंदा, मग आईचं नाव. "फ" हा छोटा शब्द (एफ-ई-यू) नावाआधी असला की तो माणूस वारलेला, आपल्या "कै." सारखा. शेवटी "नाँ स्यू सिन्ये" म्हणजे सही करता येत नव्हती.

एका खड्ड्यात मी पडलो होतो. जुने पाद्री महिने आकड्याने लिहीत : ७ आणि पुढे "ब्र". तो जुलै नव्हे, सप्टेंबर. लॅटिनमध्ये सेप्तेम म्हणजे सात, त्यावरून. तसंच ८ चा ऑक्टोबर, ९ चा नोव्हेंबर आणि रोमन दहाचा डिसेंबर. मी दोन भावंडांत अशक्य वाटावं इतकं कमी अंतर काढून विहीणबाईंना चकित केलं होतं.

धंद्यासाठी ओळखायचा शब्द कॉर्दोनिए : सी-ओ-आर-डी-ओ-एन-एन-आय-ई-आर. बरेचदा पहिली चार अक्षरं आणि वर बारीक आर एवढंच असतं. साव्हतिए म्हणजे जुने जोडे दुरुस्त करणारा, तानर म्हणजे कातडी कमावणारा, सेलिए म्हणजे खोगिरं करणारा. हे वेगळे धंदे. आणि कॉर्दोनिए माणूस दहा वर्षांनी "जुर्नालिए", म्हणजे रोजंदारीवर, दिसला तर तो दुसरा माणूस आहे असं लगेच धरू नका.

इथेच माझी चूक सांगतो. आमच्या गावात एकाच नावाचे दोन कॉर्दोनिए होते, वयात चार वर्षांचा फरक. मी मोठ्याला धरून तीन आठवडे त्याच्या पणज्यांपर्यंत पोचलो, झकास तक्ता काढला, जावयाने तो फ्रेमही करून घेतला. मग दफनाच्या नोंदीत "अमकीचा नवरा" हे शब्द वाचले आणि बायको भलतीच निघाली. माणूस गावात मेला होता, आपला तर अमेरिकेत. तेव्हापासून नियम : नुसतं नाव आणि धंदा जुळला, पण बायकोचं माहेरचं आडनाव जुळलं नाही, तर ती नोंद वहीत पेन्सिलने. फ्रेम अजून भिंतीवर आहे, कुणाच्या तरी पूर्वजांची.

क्वेबेकमध्ये जन्मलेल्या माणसाचं लग्न १९०८ नंतर अमेरिकेत झालं असेल तर एक हुकमी पत्ता आहे. त्या वर्षापासून चर्चच्या नव्या नियमाने लग्नाची खबर बाप्तिस्म्याच्या मूळ वहीत समासात लिहायला लागले. क्वेबेकच्या गावातल्या जन्मनोंदीशेजारी मॅसॅच्युसेट्सचं लग्न बारीक अक्षरात सापडतं. फेरफारावरच्या शेऱ्याची सवय असल्याने माझी नजर आधी समासातच जाते. तुम्हीही तीच सवय लावा.

जनगणना

१६६६ ची इंटेंडंट (वसाहतीचे मुलकी कारभारी) झाँ तालों यांची जनगणना ही वसाहतीतली पहिली, ३,२१५ माणसांची, आणि तीतही धंदे लिहिलेले आहेत. पण एकोणिसाव्या शतकातल्या माणसासाठी १८५१ पासून दर दहा वर्षांच्या जनगणना पाहायच्या. कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १९३१ पर्यंतच्या फुकट आहेत. १८५१ ची मोजणी प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी १८५२ मध्ये झाली, वय काढताना हे धरा.

जोडेवाल्यासाठी खरी पर्वणी १८७१ ची. त्या वर्षी माणसांखेरीज उद्योगांचा वेगळा तक्ता भरला गेला. दोन माणसांचं दुकान असलं तरी त्यात भांडवल, कामगार, मजुरी, वापरलेलं चामडं आणि झालेला माल येतो. लोकसंख्येच्या तक्त्यात माणूस सापडला की त्याच गावाचा उद्योगाचा तक्ता उघडा. पुष्कळ लोक हे विसरतात.

माणूस क्वेबेक शहरातल्या सँ-रॉक भागातला असेल तर चित्र वेगळं. लाकडी जहाजांचा धंदा बसला, १८७१ मध्ये ब्रिटिश फौज गेली आणि तो भाग जोड्यांच्या कारखान्यांवर जगू लागला. १९०० मध्ये मालकांनी कारखान्यांना टाळं ठोकलं, सुमारे ४,००० कामगार रस्त्यावर आले, आणि शेवटी आर्चबिशप बेगँ यांनी मध्यस्थी केली. तुमचा माणूस नेमका १९०१ मध्ये अमेरिकेत उगवला असेल तर हे कारण तपासा. सँ-रॉकचा मोठा भाग १८४५ च्या आगीत गेला आणि १८६६ मध्ये पुन्हा आग लागली, म्हणून पत्ते अचानक बदललेले दिसतात. माँट्रियलसाठी लव्हेलची डिरेक्टरी बीएएनक्यूवर वर्षवार आहे. तिथल्या "सँ-आँरी-दे-तानरी" या वस्तीच्या नावातच कातडी कमावणारे आहेत.

नोटरीचे कागद : इथे माणूस भेटतो

आतापर्यंत जे मिळालं ते नाव, तारीख, धंदा. माणूस दिसला तो नोटरीच्या दप्तरात. क्वेबेकमधला नोटरी म्हणजे आपल्याकडचा शिक्का मारणारा नव्हे. जमीन, कर्ज, लग्नाचा करार, शागिर्दी, मृत्युपत्र, वाटणी, सगळं त्याच्यापुढे होई आणि मूळ कागद त्याच्याकडे राही.

शोधायची रीत अशी. लग्नाची तारीख घ्या. लग्नाचा करार त्याआधीच्या आठ-पंधरा दिवसांत, बहुधा वधूच्या घरी झालेला असतो. त्या परिसरात तेव्हा काम करणाऱ्या नोटरींची नावं काढा. प्रत्येकाची "रेपेर्त्वार" म्हणजे तारीखवार यादी असते, कधी नावांची सूचीही. त्यांत तारखेच्या आसपास आडनाव शोधा, कागदाचा क्रमांक घ्या आणि त्या क्रमांकाचा मूळ कागद उघडा. बीएएनक्यूवर कितीतरी नोटरींची दप्तरं स्कॅन केलेली आहेत.

आमच्या माणसाचा बाप शेतकरी निघाला. मग जोडे कुठून आले? बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्मपिता (गॉडफादर) म्हणून आईचा भाऊ होता आणि त्याच्या नावापुढे कॉर्दोनिए. मामाकडे शिकला असणार. म्हणून सांगतो, साक्षीदार आणि धर्ममातापिता यांची नावं कधीही सोडू नका.

मामाची पहिली बायको १८५६ मध्ये गेली आणि त्याने पुन्हा लग्न केलं. अशा वेळी "अँव्हाँतेर", म्हणजे मरणोत्तर यादी शोधायचीच. तिकडे तेव्हा लागू असलेल्या पॅरिसच्या रिवाजाप्रमाणे (जुन्या फ्रेंच कायद्याप्रमाणे) नवराबायकोची कमाई सामाईक, तेव्हा मेलेल्या आईचा अर्धा वाटा लहान मुलांचा. तो ठरवायला दुसऱ्या लग्नाआधी घरातल्या चमच्यापासून सगळं लिहिलं जाई. आपल्या पंचनाम्यासारखंच. नोटरी स्वयंपाकघरातून सुरुवात करून दुकानात येतो. वीस जोड लाकडी फर्मे, किंमत शिलिंगांत. आऱ्या, एक जुन्या मुठीची. दोन रापी. मेणलेल्या दोऱ्याचं बंडल. तळव्याचं चामडं, वजन करून. अर्धवट शिवलेला बुटांचा एक जोड, तो कुणाचा हेही लिहिलेलं.

आणि शेवटी येणी : कुणाकडे किती उधारी. ही यादी म्हणजे त्याचं गिऱ्हाईक. साधी शेतकरी माणसं बैलाच्या कातड्याचे मऊ जोडे घरीच करत, मोच्याकडे येत ती रविवारच्या जोड्यांसाठी. आमच्या यादीत पाद्रीबाबांच्या नावावर एका जोडाची बाकी होती. विहीणबाई त्या ओळीवर खूप हसल्या.

फ्रान्सपर्यंत

साखळी पहिल्या वसाहतकऱ्यापर्यंत पोचली की "फिशिए ओरिजिन" या मोफत सूचीत त्याचं फ्रान्समधलं गाव आणि जन्मनोंद पाहा, आणि मग त्या जिल्ह्याच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मूळ पान. स्त्रियांत १६६३ ते १६७३ दरम्यान राजाच्या खर्चाने पाठवलेल्या सुमारे ८०० मुलींपैकी एखादी सापडण्याची शक्यता बरीच. जुन्या छापील वंशकोशांतलं वाचून थांबू नका. आबे (पाद्री) ताँगे यांचा सात खंडांचा कोश मोलाचा, पण त्यातल्या चुका पुढे दुरुस्त झाल्या आहेत. डीएनए चाचणीचं म्हणाल तर या समाजाचे मूळ पुरुष थोडे असल्याने दूरचे नातेवाईकही जवळचे दिसतात. तिच्यावर एकटीवर भिस्त नको.

आमच्या कामात एक कागद राहिला आहे, भाच्याच्या शागिर्दीचा करार. मामाच्या परिसरातल्या नोटरीच्या यादीत नोंद आहे, पण पुढे "आँ ब्रव्हे" असा शेरा. याचा अर्थ मूळ कागद नोटरीने ठेवला नाही, पक्षकाराच्या हातात दिला. म्हणजे तो कुठल्याही अभिलेखागारात मिळायचा नाही, असलाच तर कुणाच्या तरी घरी. हे सांगितल्यापासून विहीणबाई चुलत नणंदांना एकेक करून फोन लावत आहेत, आणि प्रत्येकीला पहिला प्रश्न एकच : तुमच्याकडे जुना बिस्किटांचा डबा आहे का?